आलं, गेलं, थोडं मागे

३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आज सांगितलं, दोन महिने. फार तर तीन. हिला बाहेर बाकावर बसवून मला एकट्यालाच आत बोलावलं होतं. बाहेर आलो तर ही म्हणाली, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "औषध बदललंय." ही म्हणाली, "बरं." मग घरी येईपर्यंत ती तिच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी माझ्या.

ही वही खरं तर बिघाडांची. पस्तीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या डिश बसवतोय. कुठे काय बिघडलं आणि कसं सुधारलं, ते लिहून ठेवायची सवय आहे. बायको नेहमी चिडवते, "यंत्रांची आजारपणं लिहिता, माणसांची कधी लिहिणार?" आज लिहितोय. बिघाड : दुरुस्त होण्यासारखा नाही.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललं, कारण तिच्या खोलीत जायचा धीर होत नाही.

६ फेब्रुवारी

घरच्या डिशला मोटर बसवली. हिचा पलंग खिडकीशी सरकवला. खिडकीसमोर आमच्याच इमारतीची बुटकी गच्ची आहे, आठ-दहा पावलांवर. तिथली डिश पलंगावरून अख्खी दिसते.

ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, विचारलं, "वर तर एकच वायर जाते. मग ती मोटर फिरते कुणाच्या सांगण्यावरून?" ताई हिच्या आजारपणासाठी येऊन राहिली आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीचं मूळ लागतं. मी सांगितलं, वायर एकच. तिच्यातून चित्र खाली येतं आणि तिच्यातूनच रिसीव्हरचे, म्हणजे टीव्हीजवळच्या डब्याचे, हुकूम वर जातात. वायरीतल्या विजेवर तो एक बारीक कंप सोडतो, तोडून तोडून, जुन्या तारयंत्रासारखा. मधे स्विच आहे, तो ऐकतो : पहिली डिश जोड, दुसरी जोड. पुढे मोटर ऐकते : तिसऱ्या जागेवर जा. ती तिसरी जागा नेमकी कुठे, हे मोटरच्या पोटात साठवलेलं असतं. रिसीव्हरला फक्त आकडा ठाऊक.

ही पडल्या पडल्या म्हणाली, "मग मोटर फिरली हे त्या डब्याला कळतं कसं?"

"कळत नाही. ही मोटर उलट बोलत नाही. चित्र आलं की फिरली असं समजायचं."

"अगदी तुमच्यासारखं," ही म्हणाली. "आपण सांगत राहायचं आणि फिरलात की नाही ते नंतर बघायचं."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिसऱ्या जागेवर हिचं बर्फाचं चॅनल ठेवलं. कुठल्या तरी थंड मुलखातलं आहे, भाषेचं अक्षर कळत नाही. पण तिला त्या बातम्या आवडतात. म्हणते, न कळणाऱ्या भाषेतली बातमी कितीही वाईट असली तरी झोप उडत नाही.

आता डिश फिरवायला मी घरी असण्याची गरज नाही. उद्यापासून चौसष्ट घरांच्या इमारतीचं काम घेतलंय. "आत्ताच घ्यायला हवं होतं का?" ताईने विचारलं. म्हटलं, शब्द दिलाय. शब्द दिला तो तीन तारखेला, डॉक्टरांकडून आल्यावर. हे तिला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

चौसष्ट घरं, गच्चीवर चार डिश आणि दर मजल्यावर स्विचचा डबा. प्रत्येक रिसीव्हर वेगळं मागणार आणि डब्याने ज्याचं त्याला द्यायचं. कुणाचा हुकूम दुसऱ्याच्या घरात शिरता कामा नये. असलं काम मला आवडतं. डोकं रिकामं राहत नाही.

संध्याकाळी मास्तरांकडे. शाळेतून निवृत्त, एकटेच राहतात, माझं जुनं गिऱ्हाईक. महिन्याभरात तिसऱ्यांदा बोलावलं. डिश ठणठणीत, वायर ठणठणीत. "मघाशी दिसत नव्हतं हो," म्हणाले, आणि चहा टाकायला उठले. म्हाताऱ्याला दुरुस्ती नको आहे, समोर बसायला माणूस हवा आहे. हे न कळायला मी काही दुधखुळा नाही. चहा नको म्हणालो आणि पाच मिनिटांत निघालो.

१४ फेब्रुवारी

दुपारी ताईचा फोन. हिचं चॅनल गेलं, पडदा निळा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरी आलो. वाऱ्याने डिशची पकड सरकली असेल असं धरून वर गेलो, तर सिग्नल मोजायचं मीटर कामावरच्या इमारतीत राहिलेलं. मग म्हटलं, चला, जुनी तऱ्हा. मोटरच्या पोटाखाली डावं-उजवं अशी दोन बटणं असतात, त्यांनी डिश थोडी थोडी सरकवत खिडकीकडे बघून ओरडलो, "सांग गं!"

लग्नानंतरची पहिली दहा वर्षं आमचा धंदा असाच चालला. मीटर नव्हतं. मी गच्चीवर डिश हाताने सरकवायचो आणि ही गिऱ्हाइकाच्या घरात टीव्हीपुढे उभी राहून खिडकीतून ओरडायची. अख्ख्या गल्लीला कळायचं की डिशवाले आले. लोक म्हणायचे, डिशवाल्यापेक्षा डिशवालीची रेंज मोठी.

"आलं!" ही आज ओरडली. "गेलं... गेलं! थोडं मागे. अहो, थोडं म्हणजे थोडं, मागच्या जन्मात नाही!"

अर्धा-पाऊण तास गेला. मीटर असतं तर पाच मिनिटांचं काम. पण हिचा आवाज बऱ्याच दिवसांनी खणखणीत ऐकला. खाली आलो तेव्हा घामाघूम झाली होती आणि हसत होती. नंतर चार घास जास्त गेले, असं ताई म्हणाली. इमारतीतला चौथा मजला मात्र तसाच राहिला.

१९ फेब्रुवारी

पुन्हा निळा पडदा. पकड घट्ट होती, म्हणजे परवाचं माझं निदान चुकलं. मोटरच्या पोटातली तिसरी जागाच बदललेली. जिथे ते चॅनल नाही अशी भलतीच दिशा तिथे साठवलीय. असं आपोआप होत नाही. वायरीत ओल शिरून हुकूम फाटत असतील, किंवा स्विच दगा देत असेल. स्विच बदलला, दोन्ही टोकांचे जोड कापून नवे केले. हे सगळं करताना ही खिडकीतून ओरडून सांगत होतीच, आलं, गेलं. मधेच म्हणाली, "तुमच्या डोक्यावरचं टकलाचं मैदान वाढलंय हो, इथून छान दिसतं."

मी जोड उलटेपालटे करून बघत होतो तेव्हा ताई दारात उभी राहून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं? ती म्हणाली, "काही नाही बाबा."

२४ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा. आज मीटर आठवणीने नेलं होतं. गच्चीवर ते खिशातून काढलं तर ही खिडकीतून म्हणाली, "मीटर कशाला? मी आहे ना."

"तुला त्रास नको," मी म्हणालो. "घसा कोरडा पडतो तुझा."

पाच मिनिटांत झालं. खाली आलो तर ही भिंतीकडे तोंड करून होती. झोप लागली असावी. निघालो.

एक गोष्ट विचित्र आहे. मी शहराच्या पलीकडच्या टोकाला काम करत असलो की डिश बिघडत नाही. जवळपास असलो की बिघडते. तिन्ही वेळा तसंच. दुपारच्या उन्हाने मोटर तापत असेल म्हणावं, तर ऊन दोन्हीकडे सारखंच.

२७ फेब्रुवारी

चौथ्यांदा. आज वर गेलोच नाही. पलंगाशेजारी उभा राहून रिमोटवरच डिश फिरवली, जागा पुन्हा साठवली, दोन मिनिटांत मोकळा. बिघाडही सापडला. वायर नाही, स्विच नाही. हिच्या हातून बटणं दाबली जातात. मेनूत सात पायऱ्या आत शिरायचं, डिश फिरवायची आणि मग "साठवा" दाबायचं. चुकून एवढं कसं दाबलं जातं कोण जाणे. पण औषधाची गुंगी असते, हाताला भान राहत नाही.

निघताना हिने बाही धरली. "बसा ना जरा."

"आलोच," म्हणालो.

खाली गाडीशी आल्यावर लक्षात आलं, पुढच्या कामाला अजून तास आहे. वर गेलो नाही. गाडीतच बसून राहिलो. खरं लिहायचं तर मला तिच्याजवळ बसवत नाही. तिचं मनगट बघितलं की मी नजर वळवतो. गच्चीवर असतो तेव्हा निदान हाताला काम असतं. इतका भित्रा मी कधीपासून झालो, ठाऊक नाही.

१ मार्च

कायमचा बंदोबस्त केला. मेनूला कुलूप घातलं, चार आकड्यांचं. ते दाबल्याशिवाय आता मोटरचं पान उघडत नाही. वर डिशला डावी-उजवी हद्दही घालून टाकली. बर्फाच्या चॅनलवरून आता ती तसूभर हलायची नाही. हिला सांगितलं, "आता तुला कटकट नाही. नुसतं बघायचं."

ताई काहीतरी बोलणार होती. हिने पलंगावरून तिच्याकडे पाहिलं आणि ताई पाणी आणायला निघून गेली.

१० मार्च

दहा दिवस एकही तक्रार नाही. दुरुस्ती म्हणावी तर अशी. हा उपाय इतर आजारी माणसांच्या घरीही करता येईल.

ही हल्ली शांत असते. नवीन औषध लागू पडतंय असं वाटतं. टीव्ही चालू असतो, पण बघते ती खिडकीबाहेर, डिशकडे. विचारलं, "काय बघतेस?" म्हणाली, "हलत नाही ती."

"हलायलाच नको तिने," मी म्हणालो.

१६ मार्च

चौसष्ट घरं पुरी झाली. सगळ्यांनी एकाच वेळी टीव्ही लावले आणि एकाचंही चित्र अडलं नाही. घरी येऊन हिला सांगितलं. तिचा आवाज आता इतका खाली गेलाय की तोंडाशी कान न्यावा लागतो.

"झालं काम?"

"झालं."

"मग आता?"

"आता दुसरं आहे. बाजारातल्या दुकानांचं."

ती मान हलवून "बरं" म्हणाली. डॉक्टरांच्या दाराबाहेर म्हणाली होती तसंच.

२२ मार्च

ही आज दुपारी सव्वाचारला गेली.

मी शेजारच्या खोलीत होतो. अवजारं पुसत होतो. पुसायची गरज नव्हती, सकाळीच पुसली होती. ताईने हाक मारली ती मी ऐकली आणि हातातला पाना जागेवर ठेवून मगच उठलो. का, ते माहीत नाही. सात पावलं होती. टीव्हीवर बर्फ पडत होतं.

९ एप्रिल

खिडकीजवळचा पलंग आज मधे घेतला. रिसीव्हर काढून टाकायचा होता. काढण्याआधी डिश शून्यावर, म्हणजे मधल्या मूळ जागी, आणावी म्हणून मेनू उघडला, तर त्याने आकडे मागितले. दाबले. ताई मागे घड्या घालत होती.

"काय आकडे घातले होतेस रे?" तिने विचारलं.

"चार वेळा एक. सगळ्या गिऱ्हाइकांना घालतो तेच."

ताई हातातली चादर घेऊन खाली बसली. मग म्हणाली, "तिने तुमच्या लग्नाची तारीख दाबून बघितली. मग तुझा वाढदिवस. मग तुम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा डिश बसवलीत, तो दिवस. मला म्हणाली, यातलं एखादं असेलच."

मला काही कळेना. तेव्हा तिने सगळं सांगितलं. ही रोज सकाळी विचारायची, आज कुठे गेलेत? ताई सांगायची. लांब गेलो असलो तर म्हणायची, राहू दे, उगाच हेलपाटा पडेल. जवळ असलो तर म्हणायची, द्या तो रिमोट. सात पायऱ्या ती स्वतःच उतरायची. चुकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकेकदा अर्धा तास लागायचा. डिश फिरवून, साठवून झालं की म्हणायची, "हं, आता लावा फोन. आणि माझा कंगवा द्या."

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. ताईवर असा आयुष्यात ओरडलो नव्हतो.

"शपथ घातली होती तिने. म्हणाली, त्यांना बसा म्हटलं तर बसवत नाही, मला दिसतं ते. पण बिघडलं म्हटलं की धावत येतात. दुरुस्तीला आलेला माणूस निदान पाऊण तास तरी नजरेसमोर असतो."

"आणि कुलूप घातल्यावर?"

"तीनदा आकडे दाबले आणि रिमोट माझ्याकडे दिला. म्हणाली, राहू द्या ताई, कामात असतील."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. औषध बदललेलं नाही हेही आणि मी गाडीत बसून राहतो हेही, गाडी तर त्याच खिडकीतून दिसते. इतके दिवस मी तिला फसवत होतो आणि ती मला फसवू देत होती.

वही मागे चाळली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. डिश कधी बिघडते, कधी बिघडत नाही. मास्तरांचा बिघाड मला पाच मिनिटांत कळला होता, तोही लिहून ठेवलाय. दहा मार्चचं पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, ते तिच्यासमोर खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

मला तिची फार आठवण येते. एवढंच लिहायचं होतं, पण ते लिहायला अठरा दिवस लागले.

१२ एप्रिल

सकाळी गच्चीवर गेलो. डिशच्या दोन्ही हद्दी काढल्या. मोटरची बटणं दाबून डिश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मधे तिसरी जागा येऊन गेली असणार. रिसीव्हर काढला नव्हताच. खोलीत टीव्ही चालू करून आलो होतो, पण खिडकीत कुणी नव्हतं, त्यामुळे कधी आलं आणि कधी गेलं ते कळलं नाही. मीटर खिशात होतं. काढलं नाही.

ताईने खिडकीशी येऊन विचारलं, "मी सांगू का?" मी नको म्हणालो. तिला वाईट वाटलं असेल. पण मला नको होतं.

२० एप्रिल

मास्तरांचा फोन. चित्र येत नाही म्हणाले. गेलो तर चित्र होतं, स्वच्छ. मास्तर ओशाळले. "मघाशी नव्हतं हो," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तुमच्या घरचं कळलं. यावं की न यावं, कळेना. म्हणून फोन केला."

"वर बघून येतो," मी म्हणालो.

वर गेलो. डिश ठणठणीत होती. तिची पकड मी स्वतःच सैल केली आणि डिश एका बाजूला ढकलून दिली. मीटर खिशातच राहू दिलं. कठड्यावरून वाकून हाक मारली, "मास्तर, टीव्हीसमोर उभे राहा. मी हलवतो, तुम्ही ओरडून सांगा."

"काय सांगू?"

"आलं की आलं म्हणा. गेलं की गेलं म्हणा."

मग खालून वर्गात हजेरी घ्यावी तसा खर्जातला आवाज आला, "गेलं." मी सरकवलं. "अजून गेलेलंच आहे." सरकवलं. "हं... हं... आलं! अहो, आलं!"

मी आणखी थोडं पुढे नेलं.

"गेलं की हो! थोडं मागे घ्या!"

डोळ्यांतलं पाणी बाहीने पुसलं आणि थोडं मागे घेतलं. खाली चहाचं भांडं वाजलं. मास्तर ओरडून विचारत होते, साखर किती. म्हटलं, दोन चमचे, आणि मला वेळ लागेल. ते म्हणाले, "लागू द्या."

सगळं जुळवून खाली उतरलो तेव्हा सव्वा तास झाला होता. चहा निवला होता, तो त्यांनी पुन्हा गरम केला. बसलो.